शहरांची कामगिरी कशी मोजावी आणि क्रमवारी कशी लावावी: ठाणे व नवी मुंबईच्या उदाहरणांसह

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांची ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ क्रमवारी जाहीर केली, तेव्हा पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि ठाणे सहावे आले होते. बंगळुरू थेट ५८व्या स्थानी होते. पुढची क्रमवारी मार्च २०२१ मध्ये आली, तिच्यात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या गटात बंगळुरू पहिले आणि नवी मुंबई सहावी. मधल्या अडीच वर्षांत बंगळुरूची वाहतूक काही सुरळीत झाली नव्हती आणि नवी मुंबईचे नळही कोरडे पडले नव्हते. बदलली होती ती मोजपट्टी. पहिल्या वेळी भौतिक सुविधांना ४५ टक्के आणि अर्थव्यवस्थेला अवघे ५ टक्के भार, म्हणजे एकूण गुणांतला वाटा, होता. दुसऱ्या वेळी मोजमापाचे मुख्य विभागच नव्याने आखले गेले, नागरिकांच्या मतांना ३० टक्के व आर्थिक क्षमतेला १५ टक्के भार मिळाला आणि लोकसंख्येनुसार शहरांचे दोन गट पाडले गेले.

अशी क्रमवारी स्वतः तयार करू पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे प्रभागाचा अभ्यास करणारे नगरसेवक, स्थानिक पत्रकार, गृहसंकुलांचे महासंघ आणि नगरनियोजनाचे विद्यार्थी यांच्यासाठी, हा लेख आहे. सगळे काम एका स्प्रेडशीटमध्ये होऊ शकते. अवघड भाग गणिताचा नसून गणिताच्या आधी घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांचा आहे, म्हणून इथे त्याच भागाला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहून काढणे

‘कोणते शहर चांगले?’ हा मोजता येणारा प्रश्न नाही. शहरातले जगणे कसे आहे आणि महापालिकेचे काम कसे आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि केंद्रानेही २०२०च्या, म्हणजे मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या, फेरीत त्यांची वेगवेगळी क्रमवारी लावली. ईझ ऑफ लिव्हिंगच्या जोडीने आलेल्या महापालिका कामगिरी निर्देशांकात सेवा, वित्त, धोरण, तंत्रज्ञान आणि प्रशासन असे पाच विभाग होते आणि त्यात मोठ्या शहरांमध्ये पहिला क्रमांक इंदूरचा होता, बंगळुरूचा नव्हता. जागतिक क्रमवाऱ्यांचेही असेच आहे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची राहण्यायोग्यता क्रमवारी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा यांवर बेतलेली आहे. मर्सरची क्रमवारी प्रामुख्याने कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या रहिवाशाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन्हींत शोधणे व्यर्थ आहे.

तेव्हा प्रश्न असा लिहावा: ‘आपल्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाला पाणी, सांडपाणी, कचरा आणि पायी चालणे या चार सेवा देण्यात कोणती महापालिका किती पुढे आहे?’ हे वाक्य कागदाच्या माथ्यावर ठेवावे. पुढे एखादा आकर्षक निर्देशक, म्हणजे मोजायचा मुद्दा, हाती लागला आणि तो या वाक्यात बसत नसेल, तर तो सोडून द्यावा.

दुसरी पायरी: हद्द ठरवणे

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात सर्वाधिक गफलती याच पायरीवर होतात.

बोलण्यात खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सगळी ‘नवी मुंबई’ आहे, आणि सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या आखणीच्या अर्थाने ते बरोबरही आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली व दिघा हे आठ विभाग आहेत. खारघर आणि त्यापलीकडचा भाग १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली बेलापूर ते पेंधर मेट्रो ‘नवी मुंबई मेट्रो’ म्हणून ओळखली जाते, पण तिचा बहुतांश मार्ग पनवेल महापालिकेच्या हद्दीतून जातो. मेट्रोची ११.१ किलोमीटर लांबी नवी मुंबई महापालिकेच्या खात्यावर जमा केली, तर खारघरच्या प्रवाशांची सोय वाशीकरांच्या नावावर लागते.

‘ठाणे’ या नावाचा घोळ आणखी मोठा आहे. ठाणे महापालिकेत नौपाडा-कोपरीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंतचा भाग तर आहेच, शिवाय खाडीपलीकडचे कळवा, मुंब्रा आणि दिवाही आहेत. ठाणे जिल्हा म्हटले की कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि खुद्द नवी मुंबई महापालिकाही त्यात येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यामुळे त्याआधीचे जिल्ह्याचे आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडून पाहता येत नाहीत. ठाणे पोलीस आयुक्तालय ठाण्यापुरते नसून भिवंडी, कल्याण आणि उल्हासनगर परिसरही सांभाळते. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पनवेल व उरण येतात. महावितरणची परिमंडळे आणखी तिसऱ्याच रेषांवर आखलेली आहेत.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. प्रत्येक निर्देशकासमोर ‘हा आकडा कोणत्या हद्दीचा’ असा स्वतंत्र स्तंभ ठेवावा. हद्द जुळत नसेल तर आकडा प्रभाग किंवा पोलीस ठाण्याच्या पातळीवर मागवून बेरीज करावी. तेही शक्य नसेल तर तो निर्देशक वगळावा. ‘साधारण तेवढेच असेल’ म्हणून जिल्ह्याचा आकडा शहराला लावू नये.

जगभरातल्या महानगरांची तुलना करताना प्रशासकीय हद्द टाळायची असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये मान्य केलेली पद्धत वापरता येते. तिच्यात एक चौरस किलोमीटरच्या चौकटी घेतात. दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोकसंख्येच्या सलग चौकटींची एकूण लोकसंख्या किमान ५०,००० असेल, तर ते नागरी केंद्र ठरते. या पद्धतीने मांडलेल्या २०२५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत जकार्ता जगातले सर्वांत मोठे शहर ठरले, ढाका दुसरे, आणि वर्षानुवर्षे पहिल्या स्थानी असलेले टोकियो तिसरे गेले. ही पद्धत आपल्याकडे लावली तर ठाणे आणि मुलुंड यांच्यातली सीमारेषा नकाशावरून पुसली जाईल. महानगराचा आवाका समजण्यासाठी ते योग्यच आहे, पण महापालिकेला जाब विचारायचा असेल तर प्रशासकीय हद्दच घ्यावी लागते, कारण अर्थसंकल्प त्याच हद्दीचा असतो.

तिसरी पायरी: छेद तपासणे

दरडोई आकडा म्हणजे अपूर्णांक, आणि लोक वाद घालतात तो अंशावर. छेदाकडे फारसे कोणी पाहत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. दरम्यान घोडबंदर रस्त्यावर आणि घणसोली-ऐरोलीत किती इमारती उभ्या राहिल्या, हे रहिवाशांना सांगायला नको. आता उदाहरण घेऊ. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणाची क्षमता दररोज ४५० दशलक्ष लिटर धरली आणि तिला २०११ च्या लोकसंख्येने भागले, तर दरडोई सुमारे ४०० लिटर येतात. लोकसंख्या १५ लाख गृहीत धरली, तर तोच आकडा ३०० लिटरवर उतरतो. थेंबभर पाणी कमी-जास्त न होता शंभर लिटरचा फरक पडला. शिवाय दोन्ही आकड्यांत एक समान दोष आहे: धरणाची क्षमता म्हणजे घरात पोहोचलेले पाणी नव्हे. वाटेतली गळती, व्यापारी वापर आणि हद्दीबाहेर दिले जाणारे पाणी वजा केल्याशिवाय १३५ लिटर दरडोई या राष्ट्रीय मानकाशी तुलना करू नये.

ठाण्याची पाण्याची बाजू मुळातच वेगळी आहे. स्वतःचे धरण नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येते. म्हणून ठाण्याचा एकच सरासरी आकडा काढण्याऐवजी स्रोतनिहाय आणि प्रभागनिहाय आकडे मांडावेत. अन्यथा नौपाड्याचा नळ आणि दिव्यातला टँकर यांची सरासरी निघते, आणि त्या सरासरीचे पाणी कोणाच्याच घरी येत नाही.

छेदाचा दुसरा सापळा ‘कोणासाठी’ हा आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिका चालवते, परंतु तिथे शहापूर, जव्हार, मोखाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद घटना जिथे घडली तिथे होते. त्यामुळे ठाण्यात नोंदलेले मृत्यू ठाण्याच्या लोकसंख्येने भागले, तर ज्या शहराने आजूबाजूच्या गरिबांसाठी मोठे रुग्णालय चालवले, तेच शहर आरोग्यात मागे पडलेले दिसते. नोंदीतील कायमच्या पत्त्यावरून वर्गवारी केल्याशिवाय हा निर्देशक वापरणे मला अन्यायाचे वाटते. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचेही तसेच. मुंबई महानगराला पुरणाऱ्या भाजी-फळांचा कचरा तिथे तयार होतो. तो नवी मुंबईकरांच्या माथी दरडोई कचरा म्हणून मारता येणार नाही.

चौथी पायरी: निर्देशक निवडणे

निर्देशकांचे तीन थर असतात: काय खर्च केले, काय उभे राहिले आणि लोकांना काय मिळाले. सरकारी क्रमवाऱ्या पहिल्या दोन थरांत रमतात, कारण ते मोजणे सोपे असते. शक्यतो तिसरा थर धरावा. शौचालयांच्या संख्येपेक्षा पाणी आणि दिवा असलेल्या, दाराला कडी असलेल्या शौचालयांची संख्या जास्त सांगते.

निर्देशक नव्याने शोधण्याची गरज नसते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सेवास्तर मानकांच्या पुस्तिकेत पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि पर्जन्यजल निचरा या चार सेवांचे २८ निर्देशक सूत्रांसह दिलेले आहेत. पाणीपुरवठ्यात १०० टक्के जोडण्या, २४ तास पुरवठा, हिशेबाबाहेरचे पाणी २० टक्क्यांच्या आत, ८० टक्के तक्रारींचे वेळेत निवारण अशी लक्ष्येही ठरलेली आहेत. आंतरराष्ट्रीय तुलना हवी असेल तर आयएसओ ३७१२० हे शहरी सेवांच्या निर्देशकांचे मानक आहे; २०१४ मध्ये ते आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. पंधरा ते वीस निर्देशक पुरेत. शंभर घेतले तर त्यातले निम्मे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजत असतात.

वित्तीय निर्देशक घेताना एक खाच लक्षात ठेवावी. ‘स्वतःच्या उत्पन्नाचा वाटा’ हा महापालिकेच्या स्वावलंबनाचा चांगला निदर्शक मानला जातो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, स्थानिक संस्था कर संपला आणि त्याची भरपाई राज्याकडून अनुदान म्हणून येऊ लागली. हे अनुदान ‘स्वतःचे’ धरायचे की ‘बाहेरचे’, यावर महाराष्ट्रातील कोणत्याही महापालिकेचा आलेख २०१७ मध्ये कोसळलेला किंवा न कोसळलेला दिसतो. जो निर्णय घ्याल तो सर्व शहरांना आणि सर्व वर्षांना सारखाच लावावा.

पाचवी पायरी: आकडे मिळवणे

महापालिकेचा अर्थसंकल्प, वार्षिक पर्यावरण स्थिती अहवाल, लेखापरीक्षण अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवामापन केंद्रांच्या नोंदी हे चार मूळ स्रोत. जे त्यांत नाही ते माहिती अधिकारात मागावे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘पाणीपुरवठ्याची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. ‘अमुक आर्थिक वर्षात प्रत्येक प्रभाग समितीतील निवासी नळजोडण्या, त्यांपैकी चालू मीटर असलेल्या जोडण्या आणि दैनंदिन पुरवठ्याचे तास’ असे लिहावे. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, म्हणजे नऊ ओळींचा तक्ताच अर्जासोबत जोडावा. रिकामा तक्ता भरून देणे लिपिकालाही सोपे जाते.

ऋतूचे भान ठेवावे. खड्डे ऑगस्टमध्ये, पाणी मे महिन्यात आणि हवा डिसेंबर-जानेवारीत मोजली तर तिन्ही निकाल वाईट येतील. उलट महिने निवडले तर तिन्ही उत्तम. हवेसाठी वार्षिक सरासरीच घ्यावी. पीएम २.५, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कण, यांसाठी भारताचे वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ पासून ५. दोन्हींपैकी कोणते लक्ष्य धरले हे स्पष्ट लिहावे.

काही गोष्टी मात्र स्वतः जाऊन मोजाव्या लागतात. पदपथांचे उदाहरण घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ठाण्याच्या गोखले रस्त्यासारख्या गजबजलेल्या रस्त्यावर टेप घेऊन उभे राहिले की ‘पदपथाची रुंदी’ आणि ‘चालता येण्याजोगी रुंदी’ यांतला फरक कळतो. दुकानाच्या पायऱ्या, विजेची पेटी, झाडाभोवतीचा कट्टा, तिरकी लावलेली स्कूटर आणि फलकाचा खांब वगळून उरते ती रुंदी लिहायची. दर पन्नास मीटरला एक मोजमाप घ्यावे आणि त्या टप्प्यातली सर्वांत अरुंद जागा नोंदवावी, कारण व्हीलचेअर किंवा बाबागाडी अडते ती तिथेच. सरासरी इथे उपयोगाची नाही. सकाळी दहाच्या आधी केलेली मोजणी आणि संध्याकाळी सातची मोजणी वेगवेगळ्या स्तंभांत ठेवावी.

सहावी पायरी: लोकांना विचारणे

समाजमाध्यमांवर फिरवलेला फॉर्म म्हणजे सर्वेक्षण नव्हे. तो फॉर्म ज्यांच्याकडे पोहोचला त्यांचे ते मत असते. प्रभागनिहाय यादृच्छिक नमुना घ्यावा. ९५ टक्के विश्वासपातळीवर अधिक-उणे पाच टक्के अचूकता हवी असेल, तर साधारण ३८५ प्रतिसाद लागतात; अधिक-उणे दहा टक्के चालणार असेल, तर ९६ पुरतात. ही संख्या प्रत्येक गटासाठी स्वतंत्र लागते. नवी मुंबईच्या आठही विभागांची आपापसांत तुलना करायची असेल, तर प्रत्येकी ३८५ म्हणजे एकूण तीन हजारांहून अधिक घरे होतात. तेवढे बळ नसेल तर प्रत्येकी शंभर घ्यावेत आणि दोन विभागांत चार-पाच टक्क्यांचा फरक आला, तर तो फरक मानू नये.

गृहसंकुलात सुरक्षारक्षक आत सोडत नाही आणि चाळीत, गावठाणात सगळे बोलायला तयार असतात, त्यामुळे नमुना आपसूक एका बाजूला झुकतो. संकुलाच्या सचिवाला आधी पत्र द्यावे. दुपारी गेले तर नोकरदार भेटत नाहीत. निम्मी घरे संध्याकाळी आणि रविवारी ठेवावीत.

सातवी पायरी: एका मापात आणणे

तास, टक्के आणि मायक्रोग्रॅम यांची बेरीज होत नाही, म्हणून प्रत्येक निर्देशक ० ते १०० गुणांत बदलावा लागतो. प्रचलित पद्धत अशी की यादीतील सर्वांत वाईट शहराला ०, सर्वोत्तमाला १००. ती टाळावी. यादीत एक नवे शहर आले किंवा गेले की सगळ्यांचे गुण बदलतात, आणि ठाण्याचे गुण ठाण्यात काहीही न घडता खाली-वर होतात. त्याऐवजी ० आणि १०० ही टोके आधीच ठरवून गोठवावीत: पुरवठ्याचे ० तास म्हणजे ० गुण, २४ तास म्हणजे १००. लक्ष्याच्या वर गेलेल्याला १०० वरच थांबवावे, नाहीतर दरडोई तीनशे लिटर पाणी उधळणारे शहर बक्षीस घेऊन जाते.

आठवी पायरी: भार आणि बेरीज

इथे एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. शहर अ: पाणी ८०, कचरा ४०, हवा ६०. शहर ब: ६०, ६५, ६१. शहर क: ९५, ७०, १५.

समान भार दिला तर ब ला ६२ आणि अ व क ला प्रत्येकी ६० गुण मिळतात, ब पहिले. पाण्याला ५० टक्के आणि उरलेल्या दोघांना २५ टक्के दिले, तर क ६८.७५, अ ६५, ब ६१.५ असा क्रम होतो आणि मघाशी पहिले आलेले ब शेवटी जाते. आता भार समान ठेवून साध्या सरासरीऐवजी भूमितीय मध्य, म्हणजे तिन्ही गुणांच्या गुणाकाराचे घनमूळ, काढले तर ब ६२, अ ५७.७ आणि क ४६.४. आकडे तेच, क कधी पहिले तर कधी शेवटचे.

माझा कल भूमितीय मध्याकडे आहे. साध्या सरासरीत भरपूर पाणी विषारी हवेची भरपाई करते. प्रत्यक्ष जगण्यात तशी भरपाई होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकानेही २०१० मध्ये याच कारणाने साधी सरासरी सोडून भूमितीय मध्य घेतला. एक अडचण मात्र आहे: कोणताही एक गुण शून्य झाला की पूर्ण निर्देशांक शून्य होतो, म्हणून किमान गुण १ धरण्याची प्रथा आहे.

भार ठरवताना निकाल पाहू नये. भार आधी लिहून, तारीख टाकून सर्व सहभागींना पाठवावेत आणि मगच आकडे भरावेत. आपल्या शहराचा क्रमांक पाहून भार हलवण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही होतो.

नववी पायरी: ताण देऊन पाहणे

भार थोडे थोडे बदलून, एकेक निर्देशक वगळून, लोकसंख्येचे दोन अंदाज घेऊन तीच क्रमवारी वीस-पंचवीस वेळा काढावी आणि प्रत्येक शहराचा सर्वोत्तम व सर्वांत वाईट क्रमांक नोंदवावा. एखादे शहर कायम दुसरे-तिसरे येत असेल तर तो निकाल भक्कम समजावा. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० ते २०२३ या सलग चार फेऱ्यांत नवी मुंबई तिसऱ्या किंवा चौथ्या स्थानी राहिली. दरवर्षी गुणांकन बदलत असतानाही जागा फारशी हलली नाही, म्हणून त्या क्रमांकाला वजन आहे. याउलट एखादे शहर चौथ्यापासून अठराव्यापर्यंत कुठेही जात असेल, तर त्याला एकच क्रमांक देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. अशा वेळी शहरे तीन-चार पट्ट्यांत ठेवावीत आणि पट्ट्याच्या आत क्रम लावू नये.

तुलनेचा गटही याच टप्प्यावर तपासावा. सिडकोने मोकळ्या जमिनीवर आखलेली नवी मुंबई आणि जुने गाव, गावठाणे व औद्योगिक वसाहत पोटात घेऊन वाढलेले ठाणे यांची सुरुवातच सारखी नव्हती. म्हणून पातळीबरोबर पाच वर्षांतील सुधारणेचाही स्वतंत्र स्तंभ द्यावा, आणि ठाण्याची तुलना मुंबईपेक्षा पिंपरी-चिंचवड, गाझियाबाद, फरीदाबाद अशा महानगरालगतच्या शहरांशी करावी.

दहावी पायरी: प्रसिद्धी

पहिल्या पानावर क्रमांक असू द्यावा, कारण वर्तमानपत्रे तोच उचलतात. पण त्याच पानावर प्रभागांमधील अंतरही द्यावे. वाशी आणि दिघा, हिरानंदानी इस्टेट आणि दिवा यांच्या गुणांतला फरक पुष्कळदा दोन शहरांमधल्या फरकाहून मोठा निघतो. सोबत मूळ आकडे, त्यांचे वर्ष, हद्द, सूत्रे आणि भार यांची फाइल खुली ठेवावी, आणि प्रसिद्धीपूर्वी पंधरा दिवस महापालिकेच्या संबंधित खात्यांना ती तपासायला द्यावी. आकड्यांवरील हरकती स्वीकाराव्यात, भारांवरील स्वीकारू नयेत.

दरवर्षी काही निर्देशक आधी न सांगता तपासण्याची सोय ठेवावी. पाहणीची तारीख माहीत असली की भिंती रंगतात आणि उड्डाणपुलाखाली कुंड्या येतात. तेवढ्याने शहर देखणे होते हे खरे, पण नाला तसाच राहतो.

पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे शहरनिहाय आकडे आले की फक्त चालू वर्षाचा छेद बदलून भागणार नाही. २०११ आणि २०२७ यांच्या दरम्यान प्रत्येक वर्षाची लोकसंख्या नव्याने अंदाजून मागची सर्व वर्षे पुन्हा गणावी लागतील, आणि जुनी क्रमवारी न पुसता तिच्या शेजारी ‘सुधारित’ असा स्तंभ घालावा लागेल.